वाद्यांशिवायचे जेरुसलेम

जेरुसलेमवर केलेल्या नव्या ज्यू रचना गेले काही महिने मी सलग ऐकतो आहे आणि त्यांतल्या बऱ्याच रचनांबद्दल माझी तक्रार एकच आहे: त्यांत वाद्ये फार झाली आहेत. आरंभी ऊद हे अरबी तंतुवाद्य, मग व्हायोलिनांचा ताफा, शेवटी समूहस्वर, असा थाट ठरून गेला की मूळ चाल शोधावी लागते.

बायबलमधले १३७वे स्तोत्र आठवा. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नदीकाठी ज्यू बंदिवानांनी आपल्या वीणा झाडांना टांगल्या आहेत आणि कवी स्वतःलाच शाप देतो आहे की यरुशलेमला (जेरुसलेमला) विसरलो तर माझा उजवा हात कौशल्य विसरो, जीभ टाळूला चिकटो. हा शाप वाजवणाऱ्याच्या हाताला आणि गाणाऱ्याच्या जिभेला आहे, हे माझ्यासारख्या पेटीवर बोटे फिरवणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेममधले ज्यू मंदिर पाडल्यानंतर ज्यू धर्मगुरूंनी शोक म्हणून संगीतावर, विशेषतः वाद्यांवर, निर्बंध घातले. पुढे लग्नांना मोकळीक मिळाली, तरी खुद्द जेरुसलेममधल्या काही जुन्या अश्केनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यू) मंडळींत लग्नाला गाणारा आणि एक ढोल एवढेच चालते.

सोळाव्या शतकात सफेद या गालीलमधल्या गावी श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेले ‘लेखा दोदी’ हे स्तोत्र शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वागताला म्हणतात. त्याची मधली बहुतेक कडवी जेरुसलेमला उद्देशून आहेत: ऊठ, धूळ झटक. याला जगभर असंख्य चाली लागल्या आणि अजून लागत आहेत. अनेक ठिकाणी सहाव्या कडव्याला चाल बदलतात. पारंपरिक सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) त्या वेळी वाद्य नसते, त्यामुळे नव्या चालीची परीक्षा तिथेच होते. मुंबईतल्या एका सिनेगॉगमध्ये मी ते ऐकले, तेव्हा शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून किंचित वाकले आणि मागच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ, सूर पुरत नसतानाही, चाल न सोडता गात राहिले.

इस्राएली गीतकार-संगीतकार नेओमी शेमेर यांचे ‘येरुशलायिम शेल झाहाव’ (सोन्याचे जेरुसलेम) हे गाणे १५ मे १९६७ रोजी शुली नतान या तरुण गायिकेने केवळ गिटारवर गायले. तीन आठवड्यांत अरब-इस्राएल युद्ध पेटले आणि जुन्या मंदिराच्या आवाराच्या पश्चिम भिंतीपाशी पोचलेल्या इस्राएली सैनिकांनी तेच गाणे म्हटले. तिथे कुठला आला वाद्यवृंद! बाजारचौक ओस पडला आहे, या त्यातल्या कल्पनेवर इस्राएली लेखक अमोस ओझ यांनी घेतलेला आक्षेप मला मान्य आहे, कारण तिथे अरब माणसे राहत होती. चालीचे मूळ मात्र मला खटकत नाही. ती एका बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या लोकांच्या) अंगाईवरून नकळत उतरली, असे शेमेर यांनी २००४ मधल्या मृत्यूपूर्वी एका पत्रात कबूल केले आणि त्या सलीने त्या व्यथित होत्या. आपल्याकडे ‘अमक्याच्या चालीवर’ असे पदाच्या माथ्यावरच छापत, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. शिवाय अंगाई म्हणजे साथीविना टिकलेलीच चाल.

बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, घरांतल्या कुणाच्या फोनमध्ये आजीआजोबांच्या आवाजातले ‘लेखा दोदी’ असेल, तर मला ते ऐकायचे आहे. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत असली तरी हरकत नाही.