सर्कारामा बंद का पडला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. डिस्नेलँडच्या सर्कारामावरच्या, म्हणजे प्रेक्षक मधे उभे आणि भोवती गोलाकार पडदे अशा थिएटरवरच्या, माझ्या लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, गोल पडद्याची कल्पना पॅरिसची, डिस्नेने ती नुसती उचलली. दोन, त्या फिल्मना ना गोष्ट ना पात्रं, नुसत्या कंपन्यांच्या जाहिराती. म्हणूनच लोक कंटाळले आणि थिएटर बंद झालं. पहिल्यावर फार भांडत नाही. दुसऱ्यावर भांडणार.

पॅरिसच्या ग्रिम्वाँ-सांसाँने सिनेओरामाचं पेटंट 1897 मध्येच घेतलं होतं, हे खरं. 1900 च्या प्रदर्शनात दहा प्रोजेक्टर लावून प्रेक्षकांना बलूनमधून उडाल्याचा भास द्यायचा, असा त्याचा बेत. दिव्यांच्या उष्णतेमुळे तो खेळ बंद करावा लागला असं सांगतात. एकही जाहीर खेळ झालाच नाही, असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. पहिलेपणाचा मान त्याला खुशाल द्या. पण या प्रकारात कल्पना सुचण्यापेक्षा ती रोज चालवणं अवघड, आणि ते 1955 पासून अनाहाइममध्ये, म्हणजे डिस्नेलँडच्या गावी झालं. 16 मिमीचे अकरा प्रोजेक्टर एकाच वेगाने चालले पाहिजेत. एक अडकला की खेळ फसला. पडदे अकराच का? संख्या विषम असली की प्रत्येक पडद्याच्या बरोबर समोर दोन पडद्यांमधली फट येते. त्या फटीत प्रोजेक्टर ठेवायचा आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून समोर चित्र टाकायचं. मला या भूमितीचं फार कौतुक वाटतं. पुढे 1967 मध्ये 35 मिमीची फिल्म आली, ‘सर्कल-व्हिजन’ हे नाव आलं, पडदे नऊ झाले, पण संख्या विषमच राहिली.

आता जाहिरात. होतीच की! पहिला प्रायोजक अमेरिकन मोटर्स. कॅमेरे मोटारीच्या टपावर बसवून पश्चिम अमेरिका टिपली आणि थिएटरमध्ये कंपनीचा माल मांडून ठेवला. त्यात केल्व्हिनेटरचे फ्रिजही होते (हो, तोच आपल्या घराघरातला केल्व्हिनेटर). 1960 पासून बेल टेलिफोन, 1984 पासून पीएसए ही विमान कंपनी, मग डेल्टा. पण पार्कातल्या राइड्सना कुपनं फाडावी लागत त्या काळात हा खेळ फुकट होता. गल्ला नव्हताच, खर्च प्रायोजक उचलायचा. जाहिरातीने थिएटर मारलं असं तुम्ही म्हणता. मला तर दिसतं की तिनेच ते 1997 पर्यंत जगवलं.

राहिला कथेचा मुद्दा. तोही प्रयोग झाला. 1992 मध्ये पॅरिसच्या डिस्ने पार्कात ‘ल व्हिज्योनारियम’ उघडलं. काळात प्रवास करणारा यंत्रमानव, ज्यूल व्हर्नच्या भूमिकेत मिशेल पिकोली, एच. जी. वेल्सच्या भूमिकेत जेरेमी आयर्न्स. पात्रं, संवाद, सगळं आलं. ते 2004 मध्ये बंद पडलं आणि फ्लोरिडातली त्याची आवृत्ती 2006 मध्ये. उलट एप्कॉट या डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कात 1982 साली सुरू झालेल्या चीन आणि कॅनडाच्या गोष्ट नसलेल्या प्रवासफिल्म पाहा. चीनची 2003 मध्ये नव्याने केली, कॅनडाची 2020 मध्ये त्याच गोल पडद्यांवर पुन्हा नवी आली. कथेअभावी लोक कंटाळत असते, तर हे उलटं घडायला हवं होतं.

मला कारण असं दिसतं: गोष्ट सांगणाऱ्याला तुमची नजर हवी तिथे वळवावी लागते, त्यासाठी चौकट लागते. इथे चौकटच नाही. नट बोलू लागला की सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात, आणि बाकीचे पडदे फुकट जातात. रस्ता, नदी, विमानातून दिसणारी दरी यांना असं एकच तोंड नसतं. थिएटरात कठड्याला धरून उभी माणसं पडद्यावरच्या वळणावर सगळी एकाच बाजूला झुकतात, ते कुठल्या पात्रामुळे नव्हे.

पॅरिसचा तो खेळ तुम्ही पाहिलाय असं लिहिलंत. मग एवढं आठवून सांगा: व्हर्न आणि वेल्स बोलत होते, तेव्हा तुमच्या पाठीमागच्या पडद्यावर काय चाललं होतं?