६४१ नशिबाने सापडला नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २चा ३२वा घात अधिक १, ही संख्या मूळ नाही, तिला ६४१ने भाग जातो, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याच्याबद्दलचं एक विधान चुकलं आहे, अठराव्या शतकातला गणिती ऑयलर याने एकेका मूळ संख्येने भागत जाऊन ६४१ गाठला असणार, आणि आज मोबाइल जे क्षणात करतो त्याचं एवढं कौतुक कशाला.

पहिला आक्षेप मान्य. ‘फर्माने सिद्ध केलं’ हे मी चुकीचं लिहिलं, आता दुरुस्त केलं आहे. २चा १ला, २रा, ४था, ८वा आणि १६वा घात अधिक १, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, या मूळ संख्या आहेत, म्हणून पुढची, म्हणजे २चा ३२वा घात अधिक १, हीसुद्धा मूळच असेल असं त्याला ठामपणे वाटत होतं. सिद्धता आपल्याकडे नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं.

दुसरा मात्र अजिबात पटत नाही. ६४१ ही ११६वी मूळ संख्या. ऑयलरने १७३२ मध्ये हा भाजक दिला आणि त्यामागची वाट पुढे लिहून ठेवली. समजा, एखादी मूळ संख्या ‘प’ आपल्या संख्येला भागते. मग ‘प’ने भागल्यावर २च्या ३२व्या घाताची बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), आणि ६४व्या घाताची १. त्याआधी १ ही बाकी येऊच शकत नाही, म्हणून ती फक्त ६४च्या पटीतल्या घातांनाच येते. आता फर्माचाच प्रमेय सांगतो की २च्या ‘प वजा १’व्या घाताची बाकीही १. म्हणजे ‘प वजा १’ला ६४ने भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात उत्तर! फर्माचं अनुमान फर्माच्याच प्रमेयाने पाडलं, हे मला आजही थक्क करतं.

तो भागाकारही टाळता येतो. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६२५ अधिक १६सुद्धा. ६४१ने भागल्यावर ६४०ची बाकी उणे १, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची १. पण ६४०चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २चा २८वा घात. ६२५च्या जागी उणे १६ ठेवा: उणे २चा ३२वा घात, बाकी १. म्हणजे २च्या ३२व्या घातात १ मिळवला की पूर्ण भाग जातो. झालं.

मोबाइलबद्दल एवढंच: याच माळेतली २चा १०,४८,५७६वा घात अधिक १ ही संख्या मूळ नाही, हे १९८७ पासून माहीत आहे. तिचा एकही भाजक मात्र अजून सापडलेला नाही. यंत्रांनाही शोध घेताना अशीच चाळणी लावावी लागते.

आपल्या संख्येला ६४१ने भागल्यावर मिळणारा दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का, हे तुम्ही कागदावर तपासू शकता. त्याचा प्रत्येक भाजक मूळ संख्येचाही भाजक, म्हणून तीच चाळणी इथेही चालते. फ्रेंच गणिती लुकासने १८७८ मध्ये ६४च्या जागी १२८ आणून चाळणी आणखी बारीक केली. ६७,००,४१७चं वर्गमूळ २,५८८च्या आसपास, त्यामुळे २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्यांनीच भागून पाहायचं. शेवटच्या भागाकारात बाकी ६२२ यायला हवी.