भरीताचं वांगं आणि ११० अंश

अमळनेरच्या लग्नाचे फोटो आले आणि जिजी जेवली नाही. पहिल्याच रांगेत ती आणि विहीणबाई शेजारीशेजारी, दोघींच्या साड्या मरून. जशा काही एकाच ताग्यातून फाडलेल्या.

"तू दिवसभर कंप्युटरपुढे बसस ना? मनी साडीना रंग बदली दे."

कंप्युटरपुढे बसणं आणि कंप्युटर येणं यात फरक असतो, हे मी पतपेढीत बारा वर्षं लपवून ठेवलंय. ते घरी कशाला फोडा? फोटो बदलायचं गिम्प नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

त्यात ह्यू नावाची पट्टी असते. रंगांचं ३६० अंशांचं चाक. लाल शून्यावर, हिरवा १२०वर, निळा २४०वर. पट्टी सरकवली की सगळे रंग तेवढे पुढे सरकतात. सगळे म्हणजे अगदी सगळे. जिजीची साडी हिरवी झाली, पण नवरी, नवरदेव आणि भटजीही हिरवे झाले. मांडवाच्या दारातले केळीचे खांब निळे पडले. केळी पिकवणाऱ्या रावेरच्या कोणी पाहिले असते तर थेट फवारणीच काढली असती. बदलली नाही ती फक्त काकांची टोपी. पांढऱ्याला ह्यूच नसतो, फिरवणार काय? काकांशी वाद घालताना हेच होतं.

मग नुसता लाल निवडला. तर कुंकू आलं, ओठ आले, अर्धे गालही आले, कारण आपली कातडीही लाल-नारिंगीच्याच शेजारी राहते. शेवटी लॅसो, म्हणजे हवा तेवढाच भाग रेघ ओढून निवडायचं हत्यार, घेऊन साडीची कड हातानेच गिरवली. एकेक निरी, बांगड्यांमागून डोकावणारा पदर. दोन रात्री गेल्या. एकदा माउस सटकला आणि विहीणबाईंचा कोपर जिजीच्या साडीत जमा झाला.

"आता सांग, कोणता रंग?"

"वांगी."

सोपं होतं. पट्टी उणे ७०वर नेली, झकास जांभळा आला.

"हाई कोनतं वांगं शे रे? भरीतनं वांगं हिरवं ऱ्हास!"

चूक माझीच. जळगावच्या ज्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते भरीताचं वांगं हिरवंच असतं, वर पांढुरक्या रेघा. जन्मभर कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत हाणलं आणि पडद्यापुढे बसताच वांगं जांभळं वाटायला लागलं! पट्टी ११०वर आणली, थोडा उजेड वाढवला. जिजीने चष्मा पुसून पाहिलं आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

फोटो विहीणबाईंकडे गेला. त्यांचा लगेच फोन : साडी फार गोड दिसतेय, मला अगदी अशीच एक आणा.

सध्या मी जळगावच्या फुले मार्केटमध्ये आहे, चौथ्या दुकानात. दुकानदाराने गादीवर हिरव्यांचा ढीग घातलाय. मोबाइल उजेडात धरून तो विचारतोय, "भाऊ, या रंगाला म्हणता काय?"

"एकशे दहा," मी म्हणालो.

"एकशे दहात तर रुमालही येत नाही, भाऊ."