पक्याला मास्तर व्हायचंय

17 वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यावर पक्याने परवा कट्ट्यावर जाहीर केलं की नोकरी सोडतोय आणि इंटरनॅशनल स्कूलमध्ये शिकवणार. गणित. बरं, मीनल सुट्टीला आलेली होती नेमकी, तिची अशा शाळांमध्ये, दोन वेगवेगळ्या देशांत मिळून, 14 वर्षं झालीत, त्यामुळे विषय निघाला तो निघालाच.

पण पहिला बोलला बापू. बापूला कधी कुठल्या विषयात माहिती नाही असं होतच नाही. "बेस्ट डिसिजन! शाळाच फ्लॅट देते, दरवर्षी घरी यायचं तिकीट, पोरांची फी माफ, उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी. आणि काम काय, तर पोरांना प्रोजेक्ट देऊन बसायचं."

मीनल म्हणाली, "फ्लॅट आणि तिकीट बाहेरून आणलेल्या शिक्षकाला. शेजारच्या वर्गावर तेच पुस्तक शिकवणारी, त्याच गावात राहणारी बाई लोकल हायर असते, तिला बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. स्टाफरूम एक, फळा एक, पगार दोन. आणि पासपोर्ट बघून अर्ज बाजूला ठेवणाऱ्या शाळा मी बघितल्यात, तुझं इंग्रजी कितीही चांगलं असू दे."

पक्या जरा गप्प झाला. मग म्हणाला, मी ऑनलाइन पीजीसीई, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा शिक्षकांचा कोर्स, बघून ठेवलाय.

"कुठला? पुढे आय लावलेला ना? त्या पीजीसीईआयबरोबर क्यूटीएस मिळत नाही, म्हणजे इंग्लंडमधला अधिकृत शिक्षकाचा दर्जा. ब्रिटिश पद्धतीच्या बऱ्याच शाळा तोच विचारतात. 2022 पासून त्या दर्जासाठीचा आयक्यूटीएस नावाचा कोर्स सुरू झालाय, तो बाहेरच्या देशात राहून करता येतो, पण त्यात खऱ्या शाळेत खऱ्या पोरांना शिकवावं लागतं आणि कोणीतरी मागच्या बाकावर बसून वहीत लिहीत असतं. शिवाय कित्येक शाळांना ट्रेनिंगनंतरची दोन वर्षं हवी असतात. तुझी 17 त्यात धरत नाहीत."

हे ऐकून मलाच वाईट वाटलं. पण ती बरोबर होती, आणि एवढं स्पष्ट सांगणारं माणूस पक्याला दुसरं कोणी भेटलं नसतं. ऑगस्टला वर्ग सुरू होणार असतील तर शाळा आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून माणसं शोधायला लागतात, कॉन्ट्रॅक्ट बहुतेकदा दोन वर्षांचं, जिथे जिथे राहिलात तिथलं पोलिसांचं सर्टिफिकेट, डिग्रीचं अटेस्टेशन, हे सगळं तिने धडाधड सांगितलं आणि वर म्हणाली की गणित आणि फिजिक्सवाले कमी पडतात, तेवढा एक मुद्दा तुझ्या बाजूने आहे.

"पण प्रोजेक्टच ना शेवटी," बापू.

"बापू, आयबी डिप्लोमाच्या, म्हणजे अशा शाळांतल्या अकरावी-बारावीच्या, पोराला 4000 शब्दांपर्यंतचा निबंध लिहायचा असतो, प्रश्न त्याने स्वतः शोधलेला. सुपरवायझर तू. पूर्ण मसुदा एकदाच वाचून शेरे द्यायचे, एक वाक्य दुरुस्त करून द्यायचं नाही. पोरगं चुकतंय हे दिसतंय आणि तू हात मागे बांधून फक्त प्रश्न विचारतोयस. जमेल?"

बापूला न जमणारी पहिली गोष्ट म्हणजे गप्प बसणं, हे आम्हाला शाळेपासून माहितीये. त्याने लगेच गाडी पक्यावर वळवली. "हा काय शिकवणार! कॉलेजला याने मला फिजिक्स शिकवलं आणि मी नापास झालो."

"तू झोपला होतास! आणि माझी वही घेऊन गेलास ती अजून परत केली नाहीस."

झालं, वहीचं पुराण सुरू. निळं कव्हर होतं का हिरवं, यावर दहा मिनिटं गेली.

कॉलेजला पक्याने फिजिक्स शिकवलं त्या रात्री मीही तिथेच होतो. मला टॉर्क, म्हणजे वस्तू फिरवणारा जोर, कळत नव्हता तर पक्याने उठून खोलीचं दार बिजागरीजवळ ढकलायला लावलं, मग कडीजवळ. एकदाच. मला ते आजही विसरता येत नाही, आणि म्हणूनच मला मनापासून वाटतं की त्याने हे करावं, उशीर झाला असला तरी करावं.

मीनल मात्र पुराव्याशिवाय ऐकणारी नाही. "सांग पक्या, अर्धा भागिले पाव किती?"

"दोन."

"भागल्यावर उत्तर मोठं कसं आलं? सहावीतलं पोरगं विचारतंय."

"उलटं करून गुण..." पक्या थांबला.

"उलटं करा, गुणा, संपलं!" बापू ओरडला. "आम्हाला कोणी कारण सांगितलं होतं?"

"म्हणूनच तू असा आहेस," मीनल म्हणाली.

पक्याने तोपर्यंत हेल्मेटखालचा एक कागद ओढला. मधोमध फाडला, एक अर्धा बाजूला ठेवला, हातातल्या अर्ध्याची घडी घातली, नखाने दाबली आणि सावकाश फाडली. "भागणं म्हणजे वाटणं एवढंच आपण शिकलो. पण 'किती वेळा बसतं' हेही भागणंच आहे. हा अर्धा. यात पाव किती बसले?" दोन्ही तुकडे त्याने कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. कोणी काही बोललं नाही. मीनल त्या तुकड्यांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "राजीनामा आत्ता नको. आधी एखाद्या शाळेत एक सत्र मदतनीस म्हणून जा. शुक्रवारचा शेवटचा तास माग, सातवीवरचा. सातवीचा वर्ग सीव्ही वाचत नाही. तिथून बाहेर येऊन सोमवारी परत जावंसं वाटलं तर मला फोन कर, अर्ज आपण दोघं मिळून लिहू."

पक्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तेवढ्यात बापू उभा राहिला. "अरे, हे माझं लाइट बिल आहे! आज शेवटची तारीख!"

जे हसायला लागलो ते थांबेचना. मीनल डोळे पुसत म्हणाली, "सोपंय, पाव तू भर, पाव मी भरते, अर्धं पक्या."

"भरतो की," पक्या तुकडे गोळा करत म्हणाला, "आधी माझी वही आण."