‘प्रार्थनेने औषधं अर्ध्यावर येतात’ म्हणे!

मावशीने फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकलाच शेवटी. ‘अमेरिकेत सिद्ध झालंय, प्रार्थनेने हार्टचे पेशंट लवकर बरे होतात. आयसीयूत तीर्थ-अंगारा द्या, औषधं अर्ध्यावर येतात, सिस्टरनेही पेशंटसोबत जप करावा.’ पुढच्या आठवड्यात काकांची बायपास आहे आणि मावशी मला, वॉर्डात ड्युटी करणाऱ्या भाचीला, विचारते, ‘अगं मग बीपीची गोळी एकच दिली तर चालेल ना?’ नाही चालणार!

आधी तीर्थाचं, कारण यात माणूस जातो. पॅरॅलिसिसच्या पेशंटला बऱ्याचदा गिळता येत नाही, म्हणून तर नाकातून नळी घातलेली असते. व्हिजिटिंगला कोणीतरी येतं, आमची पाठ वळली की चमचाभर तीर्थ तोंडात, ते सरळ श्वासनलिकेत. कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही, नातेवाईक खूश होऊन घरी जातात आणि नंतर न्यूमोनिया. अंगारा कपाळाला लावा ना, जिभेवर कशाला? आणि ऑक्सिजन चालू असताना उदबत्ती पेटवणाऱ्यांना तर काय बोलायचं.

आता ते ‘अमेरिकेत सिद्ध’. 2006 साली ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या टीमचा अभ्यास छापून आलाय, सहा हॉस्पिटलं, बायपासचेच 1802 पेशंट. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्या 52 टक्के लोकांना कॉम्प्लिकेशन झाले, न झालेल्यांपैकी 51 टक्के. म्हणजे फरक जवळपास शून्य. आणि ज्यांना ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असं सांगितलं होतं त्यांच्यात 59 टक्के! पैसा मुख्यतः टेम्पलटन फाउंडेशनचा, म्हणजे धर्म-अध्यात्मावरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेचा, म्हणजे धर्माचे शत्रू बसले होते असंही नाही. प्रार्थना अपाय करते असं मी म्हणत नाहीये, पण औषध अर्ध्यावर आणते हे कुठून काढलं?

बरं, एक मान्य. शेवटच्या दिवसांतल्या पेशंटला नुसतं मॉर्फिन पुरत नाही, ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न असतोच, आणि पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांत, आध्यात्मिक आधारही येतो हे डब्ल्यूएचओच्या व्याख्येतच आहे. पण तिथे सुरुवात पेशंटला विचारून होते. कोणाला हरिपाठ हवा असतो, कोणाला मौलवी, कोणाला फादर, कोणाला फक्त रुसलेल्या मुलाला फोन लावून हवा असतो.

राहिला सिस्टरचा जप. नाइटला अख्खा वॉर्ड दोघींवर असतो, आधी स्टाफ वाढवा, मग बघू. काकांना रामरक्षा ऐकायची तर हेडफोन लाव मावशी, शेजारच्या बेडवरच्यालाही झोप हवी असते. आणि बीपीची गोळी डॉक्टरांनी लिहिलीय तेवढीच द्यायची.