सगळे देणे शाळेच्याच खात्यावर? ‘कुशल मुलेच मिळत नाहीत’ या मजकुराचा प्रतिवाद

गेले काही महिने कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातल्या उद्योजकांच्या आणि पालकांच्याही व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर पुढे ढकलला जात आहे. त्याचा आशय असा की, कारखान्यांत जागा रिकाम्या आणि गावात पोरे रिकामी, याला शाळा आणि आयटीआय जबाबदार आहेत. तिथे शिकवतात ते जुनाट असते. सरकार उद्योगांना शिक्षणात पाऊल ठेवू देत नाही. जर्मनीत कारखानदारच शाळा चालवतात म्हणून तिथे हा प्रश्न नाही. आपल्या मुलांना हात काळे करायचे नाहीत. लहान उद्योगाला शिकवण्याचा खर्च परवडत नाही. आणि म्हणून अभ्यासक्रम ठरवण्याचे काम थेट उद्योगांकडे सोपवावे. आयटीआयमध्ये कातारी (टर्नर) व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून मी वर्षानुवर्षे मुलांना लेथवर उभे केले आहे, त्यामुळे यातली दुखरी जागा मला परकी नाही. शाळा आणि परिसरातले कारखाने एकमेकांना जोडले जावेत याबद्दलही माझे दुमत नाही. माझा आक्षेप आहे तो सगळे देणे एकाच बाजूच्या खात्यावर टाकण्याला.

जुनाटपणाचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे आणि नेमके तेच चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीनशॉपच्या मालकांनी मला हीच तक्रार ऐकवली होती. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय काय आले पाहिजे ते लिहून द्या, असे म्हटले. दोन दिवसांनी पाच ओळी आल्या: वेळेवर यावे, ड्रॉइंग वाचता यावे, मायक्रोमीटर वाचता यावा, माप चुकले तर जॉब (घडवलेला भाग) लपवू नये, मशीनभोवतीची जागा स्वच्छ ठेवावी. सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचा, उल्लेख कुठेच नव्हता. विचारले तेव्हा ते सहज म्हणाले, “ते आमचा सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) शिकवतो की, प्रत्येक मशीनची तऱ्हा वेगळी.”

आता या यादीतली दुसरी आणि तिसरी ओळ जरा जवळून पाहू. ड्रॉइंगवर व्यास २५ मिलिमीटर आणि त्यापुढे अधिक-उणे ०.०५ असे लिहिलेले असते. म्हणजे २४.९५ ते २५.०५ यांच्या आतला जॉब चालतो. मुलगा २५.३ मापाचा जॉब ‘बसतो’ म्हणून चांगल्या मालात टाकतो, कारण ०.०५ आणि ०.५ यांतला फरक त्याच्या डोळ्यांना दिसतो, हाताला कळत नाही. दशांश अपूर्णांकांची उदाहरणे त्याने शाळेत शेकड्यांनी सोडवली, गुणही मिळवले. फक्त दशांशचिन्ह एक घर सरकले की किती लोखंड कमी-जास्त होते, हे त्याला कोणी कधी दाखवले नाही. यावर उपाय म्हणून शाळेला व्हीएमसीसारखे महागडे संगणकीय मशीन नको आहे. कारखान्याच्या कपाटात पडून असलेले दोन जुने व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) आणि भंगाराच्या भावाने जाणारे पन्नास रिजेक्ट जॉब जवळच्या माध्यमिक शाळेत पोचले, तरी गणिताच्या शिक्षकाचे निम्मे काम होते. शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो याच धाग्यावर. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य यांतली प्रत्यक्ष कामे करायची, गावाला लागणाऱ्या सेवा द्यायच्या आणि त्यातून विज्ञान-गणिताकडे वळायचे, अशी ती रचना आहे. ती एका खेड्यात उभी राहिली, तेव्हा महाग यंत्रांवाचून शाळेचे अडते हे काही खरे नाही.

सरकार उद्योगांना आत येऊ देत नाही, हे विधान मात्र निव्वळ असत्य आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २००७-०८ पासून देशातल्या १३९६ सरकारी आयटीआयसाठी प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्जाची योजना आली, तीत संस्था व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपदच उद्योगाच्या प्रतिनिधीकडे दिले होते आणि प्राचार्य सचिव होते. अशा एका समितीच्या बैठका मी जवळून पाहिल्या आहेत. अध्यक्षांची खुर्ची बहुधा रिकामी असे आणि इतिवृत्त सहीसाठी कारखान्याच्या गेटवर नेऊन द्यावे लागे. दार उघडे होते, येणाऱ्याला सवड नव्हती.

जर्मनीचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. तिथे कारखानदार शाळा चालवत नाहीत; व्यवसायशाळा राज्यांच्या सरकारी व्यवस्थेत असतात आणि तिथे आठवड्याच्या एक-दोन दिवसांत मुलांना व्यवसायाच्या विषयांबरोबर भाषा आणि समाजशास्त्रही शिकावे लागते. उरलेले दिवस मुलगा कंपनीत असतो. त्याचा करार कंपनीशी होतो, साधारण तीन ते साडेतीन वर्षे कंपनी त्याला दरमहा विद्यावेतन देते, आणि अंतिम परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेते. या मजकुरात नेमकी वगळलेली गोष्ट अशी की, कंपनीत शिकवणाऱ्या माणसाला आपल्याला शिकवता येते हे परीक्षा देऊन सिद्ध करावे लागते. आपल्याकडे ‘अनुभवी फोरमन आहे, तो बघेल’ एवढ्यावर भागवले जाते. अनुभवी फोरमन उत्तम कारागीर असतो, यात शंका नाही. पण शिफ्टचे उत्पादन त्याच्या डोक्यावर असते आणि नवा पोरगा त्याच्या दृष्टीने अडथळा असतो. शिवाय जर्मनीतही सगळ्या कंपन्या शिकवत नाहीत, साधारण पाचांतली एक शिकवते. तिथली व्यवस्था १९६९ च्या कायद्याने बांधलेली आहे. ती कारखानदारांच्या मर्जीवर चालत नाही.

मुलांना मेहनत नको, हा आरोप मला सर्वांत उथळ वाटतो. २०१९ च्या नियमांत शिकाऊ उमेदवारांचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५ ते ९ हजार रुपये ठरले. आयटीआयचे प्रमाणपत्र हाती असलेल्या मुलाचे ७ हजार सव्वीस दिवसांत वाटले, तर दिवसाला २७० रुपयेही पडत नाहीत, आणि त्यातूनच एसटीचा पास आणि दुपारच्या जेवणाची जोडणी करायची. कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. पण फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, पाठवलेल्या माझ्या काही मुलांनी वर्षभर फेटलिंगशिवाय, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याशिवाय, दुसरे काही पाहिले नाही; भट्टी, कोअर शॉप (वाळूचे गाभे बनवण्याचा विभाग) आणि वाळूची चाचणी त्यांनी लांबूनच ओलांडली. वर्ष संपल्यावर त्यातला एक जण हातगाडीवर मोबाइलचे कव्हर विकू लागला, कारण त्यात पैसे थोडे अधिक होते आणि फुफ्फुसात धूळ जात नव्हती. त्याला आळशी म्हणायची माझी जीभ वळत नाही. त्याच फौंड्र्यांत बिहार-झारखंडचे कामगार राबतात, म्हणून स्थानिक मुले ऐदी ठरत नाहीत. दूरच्या माणसाला सोडून जायला जागा नसते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

लहान उद्योगाला परवडत नाही, ही या मजकुरातली एकमेव तक्रार मी बहुतांशी मान्य करतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या सात-आठ माणसांच्या शॉपमध्ये एक चांगला हात शिकवण्यात गुंतला, तर डिलिव्हरी चुकते. सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १५०० रुपये, उचलते खरे; पण खर्च विद्यावेतनाचा नसतो, वेळेचा असतो. तरीही यावर कायद्यातच एक वाट आहे, ती फारशी कोणी वापरत नाही: अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना एका आस्थापनेतून दुसऱ्या आस्थापनेत फिरवत शिकवण्याची मुभा १९६१ च्या अधिनियमाने दिलेली आहे. एका गल्लीत पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणारा, ओतणारा आणि मशीनिंग करणारा असे तिघे असतील, तर मुलगा चार-चार महिने तिघांकडे राहू शकतो, आणि शिकवणारा निवृत्त कारागीर तिघांत मिळून एक ठेवता येतो. त्यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही, शेजारच्या मालकाशी बोलावे लागते. आपल्याकडे ते जास्त अवघड, हेही मी जाणतो.

राहिला अभ्यासक्रम उद्योगांकडे सोपवण्याचा मुद्दा. हे कोल्हापूरकरांनी तरी म्हणू नये. उसाच्या मळ्यांना पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांवर उद्यमनगर वाढले. त्या काळी इथल्या कारखानदारांना अभ्यासक्रम ठरवू दिला असता, तर तो सगळा इंजिनाच्याच भोवती फिरला असता. पुढे मळ्यांत विजेचे पंप आले आणि इथल्या फौंड्र्या मोटारींच्या सुट्या भागांकडे वळल्या. आज त्याच मोटारी बॅटरीवर चालू लागल्या आहेत, त्यामुळे इंजिनाच्या कास्टिंगची मागणी तशीच राहील, असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. अभ्यासक्रमाच्या समितीवर उद्योगाचा माणूस जरूर बसावा, पण येत्या दोन वर्षांत स्वतःला काय लागणार एवढेच सांगून त्याने उठू नये. शिरोलीच्या त्या मालकांचा कागद अजून माझ्याकडे आहे. गेल्या जूनपासून त्यांनी मुलांना शिकवायला शनिवारी दुपारी एक सेटर दोन तास मोकळा ठेवला आहे. पहिल्या महिन्यात त्यांनी मला उत्पादन घटल्याचे तीनदा सुनावले, आणि दिवाळीनंतर फोन करून विचारले की शाळेला अजून व्हर्निअर हवे आहेत का.