वार्षिक सभेला कोण जातं?

परवा आमच्या इथल्या मराठी मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. गणपतीला साडेतीनशे माणसं जेवून गेली होती. सभेला आम्ही अकरा जण. गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू, मागचं इतिवृत्त वाचून कायम, ताळेबंद मंजूर, चहा. घरी परत येताना गाडीत मला फार वाईट वाटत होतं. का, ते सांगायचं तर जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

मी न्यूयॉर्क राज्यात राहते, पण न्यूयॉर्क शहरात नाही. वर उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळ, जिथे बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजी मला त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. ते युनिव्हर्सलिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाचं. मी धर्म बदललेला नाही, कुणी बदलायला सांगितलंही नाही. घरचा देव्हारा आहे तसाच आहे. पण त्या मंडळींची मूळ श्रद्धा ऐकली आणि मी तिथे रमले. जुने युनिव्हर्सलिस्ट म्हणत, देव प्रेमस्वरूप असेल तर तो शेवटी सगळ्यांचाच उद्धार करील, कायमचा नरक कुणाच्याच वाट्याला नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात असं म्हणणं सोपं नव्हतं. नरकाची भीती नसलेला माणूस खरं कशाला बोलेल, असं म्हणून काही ठिकाणी कोर्टात त्यांची साक्षसुद्धा घेत नसत.

अशा मूठभर लोकांना एकत्र कशाने धरून ठेवलं? मला वाटतं, वार्षिक सभांनी. गावागावात छोट्या मंडळ्या (म्हणजे एकेका चर्चचे सभासद), पाच-दहा गावं मिळून एक प्रादेशिक असोसिएशन, त्यावर राज्याचं कन्व्हेन्शन (राज्यभरच्या मंडळ्यांची संघटना), अशी त्यांची रचना होती. असोसिएशनची वर्षातून एकदा सभा भरायची. घोडागाडीतून प्रतिनिधी यायचे, गावातल्याच कुणाकुणाकडे उतरायचे. प्रवचनं व्हायचीच, पण खरं काम वेगळं होतं. कोणत्या पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, मान्यता द्यायची, कुणाला पाळकपदाची दीक्षा द्यायची, कुणाविरुद्ध तक्रार आहे, कोणती नवी मंडळी सामील झाली, हे तिथे ठरायचं आणि वहीत लिहिलं जायचं.

या लोकांचा सगळ्यात प्रसिद्ध श्रद्धा-जाहीरनामासुद्धा सभेच्याच कामकाजातून आला. १८०२च्या सभेने एक समिती नेमली, १८०३ साली न्यू हॅम्पशरमधल्या विंचेस्टर गावी समितीने मसुदा मांडला आणि तो मंजूर झाला. अवघी तीन कलमं. त्याच्याही आधी, १७९० साली फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध मत नोंदवून ठेवलं होतं. नोंदवून! म्हणून तर आज आपल्याला ते माहीत आहे.

मला सगळ्यात जवळची वाटते ती आमच्याच भागातली गोष्ट. ऑलिम्पिया ब्राउन ही मिशिगनमध्ये जन्मलेली मुलगी. हिला पाळक व्हायचं होतं. एका धर्मशिक्षण संस्थेने बाई म्हणून नकार दिला. कँटन गावातल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठाच्या धर्मशिक्षण विभागाचे प्रमुख एबेनीझर फिशर यांनी प्रवेश दिला, पण पत्रात स्वच्छ कळवलं की बायकांना देव या कामासाठी बोलावतो असं मला वाटत नाही. ती तरीही आली आणि शिकली. १८६३च्या जूनमध्ये सेंट लॉरेन्स असोसिएशन ऑफ युनिव्हर्सलिस्ट्सची सभा मलोन गावात भरली, तिथे तिने स्वतः उभं राहून आपली बाजू मांडली. सभेने मान्यता दिली. २५ जूनला तिची दीक्षा झाली आणि त्या विधीत फिशरही होते.

यातलं महत्त्व नीट लक्षात घ्या. दहा वर्षं आधी, १८५३ साली, याच राज्यातल्या साउथ बटलर गावात अँटोइनेट ब्राउन हिला दीक्षा मिळाली होती. (आडनाव एकच, नातं नाही.) पण ती एका गावच्या मंडळीने दिलेली, त्यामागे संप्रदायाचा शिक्का नव्हता. ऑलिम्पियाच्या मागे अख्खी असोसिएशन होती. एका गावाची मर्जी फिरली म्हणून ते पुसता येणार नव्हतं. पुढे ती मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, विस्कॉन्सिन असं काम करत फिरली, बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्यभर लढली आणि १९२० साली, ८५व्या वर्षी, तिने मत दिलं. मलोनच्या सभेला त्या दिवशी अकरा जण आले असते तर?

१९६१ साली युनिव्हर्सलिस्ट आणि युनिटेरियन (असाच दुसरा एक उदारमतवादी पंथ) एक झाले. बऱ्याच जुन्या मंडळ्या त्याआधी आणि नंतरही बंद पडल्या. पण न्यूयॉर्कचं राज्य कन्व्हेन्शन टिकून आहे, दर वर्षी सभा घेतं, जुन्या मंडळ्यांना पैशाची मदत करतं. सभेत काय चालतं? खजिनदाराचा अहवाल, कुणाच्या छपरासाठी किती द्यायचे, कुठली मंडळी पुढचा हिवाळा काढू शकेल. मला हे ऐकायला मनापासून आवडतं. ज्या पैशाचा हिशोब चालू असतो तो कधीतरी एखाद्या शेतकऱ्याने, एखाद्या विधवेने मृत्युपत्रात लिहून ठेवलेला असतो. तो नीट वापरणं हीसुद्धा उपासनाच आहे, असं मी मानते.

आणि हे आपल्याला परकं मुळीच नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियन मंडळींच्या मदतीने. परत येऊन मुंबईत प्रार्थना समाजाचं प्रचारकाचं काम घेतलं आणि १८ ऑक्टोबर १९०६ला अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढलं. आपण त्यांची भाषणं आठवतो, पण शाळा आणि वसतिगृहं वर्षानुवर्षं चालवायची तर वर्गणीदार लागतात, हिशोब लागतो, अहवाल लागतो. दारोदार वर्गणी मागायला जाणारी माणसं लागतात. त्यांची नावं आपल्याला ठाऊकही नसतात.

आमच्या मंडळात यंदा एका बाईंनी मुद्दा मांडला होता, एकट्या राहणाऱ्या वयस्कर मराठी माणसांना हिवाळ्यात दवाखान्यात ने-आण करायला गाड्यांची यादी करावी. ‘आयत्या वेळचे विषय’ यात तो आला आणि वेळ संपली. इतिवृत्तात तो आलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, चर्चा झाली नाही ना, मग काय लिहायचं?

त्या रात्री मी चिटणीसपदासाठी अर्ज भरला. सूचक म्हणून त्याच बाईंनी सही केली आहे. अनुमोदक हवा आहे. या भागात राहणाऱ्यांनी कृपया कळवा, आणि तो विषय पुढच्या सभेत पहिल्या क्रमांकावर घ्यायचा आहे, तेव्हा सभेलाही या.